मायोर्का : डोंगरवाटा व खाजगी जमीन

मायोर्का हे स्पेनच्या बालेआरिक द्वीपसमूहातील सर्वांत मोठे बेट. त्याच्या वायव्य कडेने सुमारे ९० किमी. पसरलेली सेर्रा दे त्रामुंताना ही डोंगररांग २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वारसा जगाचा असला, तरी जमीन बहुतांशी खाजगी मालकीची आहे. त्यामुळे ओकच्या रानातून चढत गेलेली वाट एखाद्या वळणावर कुलूपबंद फाटकापाशी थांबते, असा अनुभव इथे नवा नाही. फाटक लावण्याचा मालकाला अधिकार आहे की नाही, हे त्या एकेका वाटेच्या इतिहासावर ठरते. सरसकट उत्तर नाही.

डोंगराची मालकी मुख्यतः पोसेसिओ नावाच्या मोठ्या इस्टेटींमध्ये विभागलेली आहे. पायथ्याशी किंवा खोऱ्यात दगडी वाडा, त्याभोवती ऑलिव्हच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा, वर ओकचे जंगल आणि त्याहून वर मेंढ्या-शेळ्यांची चराई, असा एकाच मालकाचा पट्टा कित्येकदा थेट माथ्यापर्यंत जातो. या पट्ट्यांतून वाटा पडल्या त्या कामासाठी. जंगलात मुक्काम ठोकून कोळसा पाडणारे, चुनाभट्टीवाले, हिवाळ्यात माथ्यावरच्या हिमगृहांत बर्फ दाबून साठवणारे आणि उन्हाळ्यात तो रात्रीतून खेचरांवर लादून शहरात नेणारे मजूर, युकच्या मठाकडे पायी निघालेले यात्रेकरू, टपाल पोचवणारा माणूस या सर्वांची ती रोजची वहिवाट होती. बान्यालबुफार ते एस्पोर्लेस या जुन्या वाटेला आजही ‘टपालवाल्याची वाट’ असेच म्हणतात. जाणारा ओळखीचा असे, त्याचे काम ठाऊक असे. वाट कोणाच्या मालकीची, हे विचारण्याची वेळ फारशी येत नसे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर घरोघरी गॅस आला, कोळशाचा धंदा बसला आणि डोंगर रिकामे झाले. नेमक्या त्याच काळात विमानांतून पर्यटक उतरू लागले. २०२३ साली बालेआरिक बेटांवर सुमारे १ कोटी ७८ लाख पर्यटक आले. त्यांतले बहुसंख्य समुद्रकिनाऱ्यावरच राहतात हे खरे, पण वसंतात आणि शरदात खास डोंगर चालायला येणाऱ्यांचाही मोठा वर्ग आहे. पूर्वी महिन्यातून चार माणसे जात तिथे दिवसाला शंभर जाऊ लागली, तर मालकाचे धोरण बदलणारच. मोकळी सुटलेली कुत्री, उघडी राहिलेली फाटके, वणव्याची भीती, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, या मालकांच्या तक्रारी खोट्या नाहीत. फाटक लावणाऱ्या प्रत्येकाला मेंढ्यांचीच काळजी असते, असेही मात्र नाही. शिकारीची राने आणि नव्या श्रीमंत मालकांना हवा असलेला एकांत हीदेखील कारणे आहेतच.

स्वीडन-नॉर्वेसारखा दुसऱ्याच्या रानातून कोणीही चालण्याचा सर्वसाधारण हक्क स्पेनमध्ये नाही. १८८९ च्या दिवाणी संहितेनुसार मालक आपल्या जमिनीला भिंत, खंदक वा कुंपण घालू शकतो. फक्त तिच्यावर आधीपासून असलेल्या वहिवाटीच्या हक्कांना बाध येता कामा नये. पण याच संहितेत रस्त्याचा हक्क नुसत्या वर्षानुवर्षांच्या वापराने मिळत नाही, त्याला लेखी आधार लागतो. म्हणून ‘आमचे आजोबाही इथूनच जात’ हा युक्तिवाद भावनेला पटला तरी एकटा पुरत नाही. चालणाऱ्यांची बाजू भक्कम होते ती मूळ वाटच सार्वजनिक होती असे दाखवता आले तर. सार्वजनिक मालमत्ता विकता येत नाही आणि कितीही वर्षे बंद ठेवली तरी ती खाजगी होत नाही, हे तत्त्व स्पेनच्या संविधानातच आहे. मग जुने नकाशे, नगरपालिकेचे कागद आणि जमीनमोजणीच्या नोंदी धुंडाळणे सुरू होते. समुद्रकिनाऱ्याचे तसे नाही. तिथे १९८८ च्या किनारा कायद्याने पाण्यालगत सहसा सहा मीटरचा पट्टा पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवावा लागतो. डोंगराला असा पट्टा कोणी आखून दिलेला नाही.

शेजारच्या मेनोर्का बेटाने हा प्रश्न एका वाटेपुरता तरी निकाली काढला. किनाऱ्यावरच्या पहाऱ्यासाठी बेटाभोवती पडलेली ‘कामी दे काव्हाय्स’ ही घोडेवाट कित्येक ठिकाणी खाजगी शेतांनी अडवली होती. २००० साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि २०१० मध्ये सुमारे १८५ किमी.ची ही वाट पुन्हा सलग खुली झाली. मायोर्का आणि मेनोर्का दोन्हींसाठी सार्वजनिक वाटांचा व्यापक कायदा मात्र २०१८ सालचा आहे. सार्वजनिक वाटांची सूची करणे हा त्याचा गाभा. मायोर्कात गडगे, म्हणजे चुन्यामातीविना रचलेल्या दगडी भिंती, पाहत जाणारा ‘जीआर २२१’ हा लांब पल्ल्याचा मार्ग आंद्राचपासून पोयेन्सापर्यंत आखलेला आहे. तो सार्वजनिक वाटा आणि मालकांशी केलेले करार यांच्या जोडणीतून उभा राहिला, आणि नैर्ऋत्येकडच्या टप्प्यांत मालकांशी वाद झाल्याने वर्षानुवर्षे अपुरा राहिला. काही ठिकाणी सरकारने किंवा नगरपालिकेने इस्टेटच विकत घेऊन प्रश्न मिटवला. काल्व्हियाजवळची गालात्सो ही इस्टेट अशीच सार्वजनिक झाली.

मधले मार्गही रूढ आहेत. बेटाचा सर्वोच्च माथा पुच माजोर याच्यावर लष्करी रडार असल्याने तो बंदच असतो. त्याच्या खालोखाल उंच असलेल्या मासानेयावर (सुमारे १,३६४ मी.) नेहमीच्या वाटेने चढताना खाजगी इस्टेटीत काही युरो मोजावे लागत आले आहेत. पोयेन्साजवळ तेरनेयेसच्या खोऱ्यातून राजाच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवरून न्यायालयीन लढाई वर्षानुवर्षे चालली. तिथे दिवसाला २० माणसांना परवाना देण्याची पद्धतही राहिली.

या सगळ्यांत एक उदाहरण उलटे आहे. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक, म्हणजे राजघराण्यातला राजपुत्र, लुडविग साल्व्हाटोर याने १८७२ मध्ये मिरामार ही इस्टेट विकत घेतली आणि पुढे देया व व्हायदेमोसा यांच्या दरम्यानची एकेक इस्टेट जोडत नेली. त्याने कड्यांवरून वाटा बांधल्या, समुद्राकडे तोंड करून सज्जे उभारले आणि वाटसरूंसाठी धर्मशाळा उघडली. तिथे तीन दिवस फुकट राहता येई, शिधा तेवढा आपला आणायचा. जमीन खाजगीच होती, पण मालकाला माणसे चालायला हवी होती. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या वाटेच्या एका भागात शिरायला आता आधी नोंदणी करावी लागते आणि रोज ठरावीक लोकांनाच सोडले जाते.