विंटेज मोटारींची रस्ता-चाचणी (मुंबई)

जुन्या मोटारीचे काम चालू असतानाच ती गॅरेजबाहेर काढून चालवणे, चालताना निघालेले दोष दुरुस्त करणे आणि पुन्हा चालवून पाहणे, याला रस्ता-चाचणी किंवा गॅरेजांतल्या बोलीत ‘ट्रायल’ म्हणतात. प्रदर्शनात दाद मिळते ती रंगाला, क्रोमला आणि गाद्यांना. पण गाडीचे खरे काम ट्रायलवर होते. जागेवर तासभर गोड चालणारे इंजिन चढावर दम टाकते, क्लच घसरतो, ब्रेक एका बाजूला ओढतात. हे उभ्या गाडीत कळायला मार्ग नाही.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १९१९ ते १९३० या काळातील मोटारी ‘विंटेज’ ठरतात. भारतात २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘विंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. अट अशी, की वाहन मूळ रूपात असावे आणि चेसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

या कामाची मुंबईतली परंपरा जुनी आहे. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ मध्ये शिवडीला सुरू झाला. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी, बाहेर पडू लागली. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण ठिणगीचे पॉइंट साफ करणे, टॅपेट लावणे (म्हणजे झडपांची फट जुळवणे), कार्बोरेटर खोलून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक तोंडे, फुंकणे ही कामे हाताला सवयीची असलेल्या मिस्त्रींची पिढी मुख्यतः या टॅक्सींनीच घडवली. सुटे भाग ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याच्या बाजारात शोधतात, न मिळाल्यास लेथवर करून घेतात.

पहिल्या फेऱ्या लहान असतात. रविवारी पहाटे बॅलार्ड इस्टेटचे रुंद, रिकामे रस्ते त्यासाठी उत्तम. गती वाढवण्याआधी ब्रेक पाहावेत, याला पर्याय नाही. विंटेज काळातील अनेक गाड्यांचे ब्रेक सळ्यांनी किंवा केबलने चालत. फोर्डने तर १९३८च्या मॉडेलपर्यंत हीच पद्धत ठेवली. चारही चाकांवर दाब सारखा पडेपर्यंत सळ्यांची लांबी पुन्हा पुन्हा जुळवावी लागते. गिअर बदलतानाही जुन्या बॉक्सला ‘डबल क्लच’ द्यावा लागतो, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागतो. तो नीट न जमल्यास खरखर होते; ती गिअरच्या दातांची की चालकाच्या पायाची, हे अनुभवी माणसालाच ओळखता येते.

मुंबईत खरी कसोटी वेगाची नसून कोंडीची असते. गाडी रेंगाळली की इंजिनवर फिरणारा पंखा मंदावतो, रेडिएटरमधून हवा पुरेशी जात नाही आणि पाणी उकळते. फोर्ड मॉडेल टीसारख्या गाडीत तर पाण्याला पंपच नाही. गरम पाणी वर चढते आणि थंड खाली उतरते, एवढ्यावरच सारे चालते. अशा वेळी मोठा पंखा बसवण्याची घाई करू नये. आधी रेडिएटरमधला क्षार काढावा, मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे तर गेलेले नाही ना ते पाहावे, आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण फार पातळ असेल तर दुरुस्त करावे. प्लग काढून पाहणे ही सगळ्यांत स्वस्त तपासणी: काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट टोक म्हणजे कमी, तपकिरी म्हणजे ठीक. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

दुसरा नेहमीचा त्रास म्हणजे नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणे. गाडीतल्या इंधनपंपावर ओले फडके गुंडाळून ती घरापर्यंत आणता येते, पण तो इलाज तात्पुरताच. नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी किंवा मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुने रबर फुगते, बुचाचा फ्लोट खराब होतो आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. मुंबईच्या पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी म्हणूनच आतून गंजते. इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या सुरुवातीलाच घातलेल्या बऱ्या.

गाडी सपाटीवर विश्वासाची झाली की मलबार हिलचा चढ येतो आणि शेवटी जुन्या पुणे रस्त्याने खंडाळ्याचा घाट. इंजिन नव्याने बांधलेले असेल तर त्याला रेटू नये. पांढऱ्या धातूच्या बेअरिंग हळूहळू बसतात. उतरताना ब्रेकवर विसंबण्याऐवजी खालचा गिअर धरतात. परतल्यावर इंजिन थंड होऊ देतात, मग हेडचे नट, चाकांचे नट आणि स्प्रिंगचे यू-बोल्ट पुन्हा आवळतात, इंजिनचे पहिले तेल काढून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहतात, आणि पुढच्या फेरीसाठी दोषांची यादी वहीत उतरवतात.