चाचणी-आवृत्ती लोकांच्या हाती का देतात?

विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि तेव्हापासून सांगली-मिरजेतल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एक प्रश्न वारंवार कानी पडतो: नवी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायचीच आहे, तर तिची येऊ घातलेली बीटा, म्हणजे प्रकाशनापूर्वी चाचणीसाठी दिलेली, आवृत्तीच का टाकू नये? विचारणाऱ्यांपैकी काहींना ती इतरांच्या आधी फुकट मिळणारी नवलाई वाटते. काहींचे मत याच्या अगदी उलट असते. ज्या कंपन्यांकडे हजारो अभियंते आणि अमाप पैसा आहे त्यांनी आपला माल स्वतःच तपासावा, अर्धाकच्चा माल ग्राहकाच्या माथी मारून त्याच्याकडून वेठबिगारी का करून घ्यावी, असे ते म्हणतात. पहिल्या मताविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. दुसरा आक्षेप वाजवी आहे आणि त्याचे उत्तर शोधायला थेट प्रोसेसरच्या आत शिरावे लागते.

प्रकाशनपूर्व आवृत्ती म्हणजे कोणीतरी चोरून बाहेर काढलेली प्रत नव्हे. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये ‘इनसायडर’ योजना सुरू केली, तेव्हापासून विंडोजचे येणारे बदल इच्छुकांना आधीच वापरून पाहता येतात. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या कर्नेलची, म्हणजे तिच्या गाभ्याची, रीत तर पूर्णपणे उघडी आहे: दोन आठवडे नवे बदल स्वीकारायचे, मग दार बंद करून दर आठवड्याला एक ‘रिलीज कँडिडेट’, म्हणजे पक्की होऊ पाहणारी चाचणी-आवृत्ती, जाहीर करायचा, आणि साधारणपणे सातव्या-आठव्या कँडिडेटनंतर पक्की आवृत्ती काढायची. या काळात केवळ दोष शोधायचे आणि दुरुस्त करायचे असतात.

बहुतेक दोष कंपनीच्या आतच सापडतात, कारण ते दर वेळी घडतात. बटण दाबले आणि खिडकी उघडली नाही, तर ती दुसऱ्यांदाही उघडणार नाही; असा दोष पकडायला एक यंत्र आणि एक माणूस पुरतो. खरी अडचण कधीतरीच घडणाऱ्या दोषांची असते आणि त्यांतला सर्वांत चिवट प्रकार ‘रेस कंडिशन’ या नावाने ओळखला जातो.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या हळदीच्या अडत दुकानात दोन दिवाणजी एकाच वहीत आवक मांडत आहेत असे समजू. वहीत ४० पोती लिहिलेली आहेत. पहिला दिवाणजी ४० हा आकडा वाचतो आणि आलेले एक पोते मोजायला वळतो. तेवढ्यात दुसराही वहीत पाहतो, त्यालाही ४० च दिसतात, आणि तोही आपल्या एका पोत्याकडे वळतो. पहिला परत येऊन ४१ लिहितो, दुसराही येऊन ४१ लिहितो. पोती दोन आली, वहीत वाढले एकच. बेरीज कोणाचीच चुकलेली नाही, वहीत खाडाखोड नाही, आणि दोघांची उलटतपासणी घेतली तरी दोघेही खरेच बोलतील.

प्रोसेसरच्या आत नेमके हेच घडते. ‘एक वाढव’ ही आपल्याला एकच वाटणारी आज्ञा प्रत्यक्षात सहसा तीन टप्प्यांत पार पडते: स्मृतीतून आकडा उचलणे, त्यात एक मिळवणे, आणि आकडा परत ठेवणे. आजच्या साध्या लॅपटॉपमध्येही प्रोसेसरचे चार-आठ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, एकाच वेळी काम करत असतात. एका कोअरने आकडा उचलल्यानंतर आणि परत ठेवण्यापूर्वी दुसऱ्याने तोच आकडा उचलला, तर एक वाढ हरवते. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका नॅनोसेकंदाच्या एक-तृतीयांश इतका असतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर जातो. अपघात घडण्यासाठी मिळणारी फट अशा मोजक्याच ठोक्यांची असल्यामुळे तो दिवसेंदिवस घडत नाही आणि मग भलत्याच क्षणी घडतो. उपाय ठाऊक आहे: सामायिक आकड्याला हात लावण्यापूर्वी त्यावर ‘लॉक’ लावायचे आणि काम झाल्यावर ते सोडायचे. मात्र ऑपरेटिंग सिस्टीममध्ये अशा सामायिक जागा हजारोंनी असतात. एखाद्या ठिकाणी लॉक राहून जाते, तर कुठे दोन कामे एकमेकांनी धरलेल्या लॉकची वाट पाहत कायमची अडकून बसतात.

हा दोष शोधण्यासाठी प्रोग्रॅममध्ये नोंदी लिहिण्याच्या ओळी घातल्या, की त्या ओळींनी घेतलेल्या वेळामुळे सगळी वेळगणिते सरकतात आणि पुष्कळदा दोष नाहीसाच होतो. तापमानाचाही परिणाम होतो. सांगलीत एप्रिल महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तापलेला लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतो. वीज गेल्यावर बॅटरीवर चालतानाही तो गती बदलतो. वातानुकूलित प्रयोगशाळेत एकदाही न दिसलेला दोष इथे दिसू शकतो तो असा. अकारण उद्भवणारा आणि बंद करून सुरू केल्यावर बरा होणारा बिघाड अंधश्रद्धेला फार पोषक असतो, हेही इथेच नोंदवून ठेवतो. मॉनिटरला लिंबू-मिरची बांधून पुढचे चार महिने सुरळीत गेले, तर श्रेय लिंबाला मिळते. वस्तुतः तो दोष पाच महिन्यांतून एकदाच घडणारा असू शकतो.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. सुरुवात झाडांना टेकलेल्या तारांपासून झाली, परंतु ओहायोतल्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी संगणक प्रणाली त्या दुपारी मूकपणे बंद पडली होती, त्यामुळे तिथल्या कर्मचाऱ्यांना परिस्थिती वेळेवर कळलीच नाही. मागाहून कित्येक आठवडे तपासणी केल्यावर कारण सापडले ते रेस कंडिशनचे. ही प्रणाली त्याआधी ठिकठिकाणी मिळून ३० लाख तासांहून अधिक काळ चालली होती आणि तो दोष एकदाही प्रकट झाला नव्हता.

३० लाख तासांचे निर्दोष चालणे नेमके काय सिद्ध करते? संख्याशास्त्रात यासाठी ‘तीनचा नियम’ आहे. दर तासाला दोष घडण्याची संभाव्यता ‘प’ असेल, तर ‘न’ तासांत तो एकदाही न घडण्याची संभाव्यता म्हणजे (१ − प) चा ‘न’ वा घात. हा घात ५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे एक-विसांशापेक्षा, कमी होईल इतका ‘प’ मोठा असता, तर दोष बहुधा दिसलाच असता. २० चा नैसर्गिक लॉगॅरिदम २.९९६, म्हणजे जवळपास ३, असल्यामुळे ‘प’ ची वरची मर्यादा ३ भागिले ‘न’ अशी निघते. म्हणून ३० लाख निर्दोष तासांवरून ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते, की दोष १० लाख तासांत एकदापेक्षा अधिक वेळा घडत नसावा. एकच यंत्र अखंड चालवले, तर १० लाख तास म्हणजे ११४ वर्षे. परंतु तीच प्रणाली १० कोटी लोक रोज ५ तास वापरू लागले, की एका दिवसात ५० कोटी तास होतात आणि तोच दोष रोज ५०० जणांना गाठू शकतो. कंपनीने कितीही माणसे नेमली, तरी हे तास तिला आपल्या इमारतीत भरून काढता येत नाहीत.

तासांइतकेच महत्त्व विविधतेला आहे. प्रणालीच्या मांडणीतले केवळ ३० चालू-बंद पर्याय धरले, तरी त्यांच्या जुळण्या १०७ कोटी होतात. त्यातून भाषांचा प्रश्न वेगळाच. २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगू लिपीतले ‘ज्ञा’ हे एकच अक्षर संदेशात आले की आयफोनवरील अ‍ॅप बंद पडत होते. ॲपलने त्याच महिन्यात आयओएस ११.२.६ काढून ते दुरुस्त केले. इंग्रजीतच काम करणाऱ्या चाचणीकाराच्या बोटांखाली हे अक्षर येण्याचा संभव नव्हता. ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतला ऱ नीट उमटतो का, हेही मराठी लिहिणाऱ्यालाच दिसणार.

बीटा वापरून पाहायचीच असेल, तर रोजच्या कामाच्या, विशेषतः हिशेबाच्या, यंत्रावर ती घालू नये, आणि ‘संगणक तिप्पट वेगवान’ असे ओरडणाऱ्या व्हिडिओंवर भिस्त ठेवू नये. चाचणी-आवृत्तीत तपासणीच्या जादा सोयी असल्यामुळे ती उलट थोडी संथही असू शकते. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने संगणकाच्या आत उभ्या केलेल्या आभासी संगणकात, बसवणे सर्वांत निर्धोक आहे, पण तिथे प्रणालीला खरे ग्राफिक्स कार्ड, खरा प्रिंटर किंवा जुना स्कॅनर सहसा दिसत नाही, म्हणजे ज्या विविधतेसाठी आपली गरज आहे तीच गाळली जाते. जुन्या, रिकाम्या यंत्रावर किंवा वेगळ्या डिस्कवर ती बसवणे हा त्यातला मध्यम मार्ग.

आणि नुसते वापरून भागत नाही, कळवावे लागते. विंडोज १० चे ऑक्टोबर २०१८ चे अद्यतन २ तारखेला निघाले आणि काही दिवसांतच मागे घ्यावे लागले, कारण काही जणांची कागदपत्रे पुसली गेली होती: ज्यांनी आपले ‘डॉक्युमेंट्स’ दुसऱ्या जागी हलवले होते, त्यांचे जुने फोल्डर रिकामे आहे असे धरून प्रणालीने ते काढून टाकले. चाचणीकारांपैकी काहींनी हे आधीच कळवले होते, परंतु त्या तक्रारींना इतर वापरकर्त्यांची दुजोऱ्याची मते थोडीच मिळाल्यामुळे त्या ढिगात दबून राहिल्या. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तक्रारीच्या नमुन्यात दोषाची तीव्रता नोंदवण्याची सोय केली. तक्रार लिहिताना यंत्राचे मॉडेल, आवृत्तीचा बिल्ड क्रमांक (तिची नेमकी ओळख सांगणारा आकडा), दोषापूर्वी केलेल्या कृती क्रमाने, आणि यंत्र विजेवर होते की बॅटरीवर, एवढे तरी द्यावे. आणि तोच क्रम पुन्हा करूनही दोष दिसत नसेल तर तेही लिहावे, कारण रेस कंडिशनची पहिली खूण बहुधा तीच असते.