बलुत्याचा हिशेब: रेसिडेंटच्या दप्तरापासून सातबाऱ्यापर्यंत

समाजशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात बलुतेदारी दीड पानात आटोपते: बारा कारागीर, सुगीला धान्य, स्वयंपूर्ण गाव. त्या दीड पानामागे दीडशे वर्षांचा वाद आहे आणि तो सातारा-सांगलीच्या पट्ट्यातून पुन्हा पुन्हा गेला आहे.

पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये जेम्स ग्रँट डफ कंपनीचा प्रतिनिधी (रेसिडेंट) म्हणून साताऱ्यात आला. १८२६ मध्ये छापलेल्या त्याच्या मराठ्यांच्या इतिहासात सुरुवातीलाच पाटील, कुलकर्णी, चौगुला, बारा बलुते, बारा अलुते (त्यांच्याखालचे दुय्यम हक्कदार) अशी गावाची मांडणी येते. नजर अर्थात कारभाऱ्याची, शेतसारा कोणाच्या हातून वसूल होतो हे पाहणारी. कंपनीचाच अधिकारी एल्फिन्स्टन याने १८१९ च्या अहवालात दख्खनचे गाव म्हणजे लहानसे राज्यच असे म्हटले होते. मेटकाफ या दुसऱ्या अधिकाऱ्याने १८३० मध्ये दिल्लीकडची गावे पाहून ‘छोटी प्रजासत्ताके’ हा शब्दप्रयोग केला, आणि पुढे तोच सगळ्या हिंदुस्थानला चिकटला. मार्क्सच्या ‘भांडवल’मधले (१८६७) भारतीय खेडे तर विल्क्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या म्हैसूरकडील वर्णनावर उभे आहे. ते वर्णन उचलून माणदेशाला लावणारे लेख आजही दिसतात.

प्रत्यक्षातले बलुते तीन थरांचे होते. एका प्रचलित यादीनुसार थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग. मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. खळ्यावर मिळणारा वाटा या ओळीप्रमाणे कमी होत जाई. यादी मात्र गावागणिक बदलते. कुठे सोनार बलुत्यात, कुठे अलुत्यात. लहान गावात बाराही नसतच. शिवाय धान्य हा उत्पन्नाचा एकच भाग. वतनाची (वंशपरंपरागत हक्काची) जमीन, सणासुदीचे मानपान, मेलेल्या जनावराच्या कातड्यावरचा हक्क हे वेगळे, आणि भांडणे बहुतेक यांवरूनच. फक्त पेंढ्या मोजून बलुत्याचा हिशेब करणाऱ्याचे गणित इथेच चुकते.

मराठीतून ‘छोट्या प्रजासत्ताका’च्या चित्राला पहिला मोठा धक्का जोतीराव फुल्यांनी दिला. त्यांचे पूर्वज खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गाव हे प्रजासत्ताक नाही, भट, कुलकर्णी आणि सरकारी अंमलदार शेतकऱ्याला कुठे-कुठे नाडतात याचा तो पाढा आहे. त्र्यंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ (१९१५) वेगळ्या जागेवरून बोलतो. महसुली कामातून खेडी पाहिलेल्या आत्र्यांची सहानुभूती कुणब्याकडे, आणि वतनी मक्तेदारीमुळे कारागीर काम टाळतो ही त्यांची मुख्य तक्रार. तपशिलात त्यांना तोड नाही. पण खळ्यावर उभ्या असलेल्या महाराच्या बाजूने तेच दृश्य कसे दिसेल, हे त्यांच्याकडून कळत नाही.

तिकडे सिद्धांताचा गुंता झाला. अमेरिकन अभ्यासक वायझरने १९३६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका गावावरून ‘जजमानी’ची मांडणी केली. तिच्यात कारागीर ठरावीक घरांशी बांधलेला असतो. पुढे बलुतेदारीलाही सर्रास जजमानी म्हटले जाऊ लागले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने त्याआधीच वेगळे म्हटले होते: भारतीय खेड्यातला कारागीर घराचा नव्हे, सबंध गावाचा नोकर असतो. कोण बरोबर, हे जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी १९७२ च्या निबंधात अठराव्या शतकातल्या मराठी कागदपत्रांवरून तपासले. निष्कर्ष वेबरकडे झुकणारा निघाला. बलुतेदार वतनाने गावाला बांधलेला आणि त्याचे देणे गावावरचे. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. बलुतेदार ‘गावचा’ असतो हे आपण बोलताना गृहीतच धरतो.

क्षेत्रअभ्यासाचे काम फलटणला झाले. इरावती कर्वे आणि जयंत रणदिवे यांनी वाढते शहर आणि भोवतालची खेडी यांचा अभ्यास १९६५ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केला. अँथनी कार्टरचे १९७४ चे पुस्तकही याच तालुक्यातले, गावपुढारी घराण्यांच्या राजकारणावरचे. गेल ऑम्व्हेट यांचा ब्राह्मणेतर चळवळीवरचा ग्रंथ १९७६ चा. पुढे त्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावला स्थायिक झाल्या. त्यांच्या लेखनात बलुतेदारी ही देवाणघेवाण नसून जातीच्या आधारे श्रम काढून घेण्याची रीत ठरते. माझ्या मते फुल्यांचा धागा सर्वांत पुढे नेला तो त्यांनीच.

ही पुस्तके वाचताना एक खबरदारी: १९४९ पूर्वीच्या ‘सातारा जिल्ह्या’त वाळवा, तासगाव, खानापूर येतात. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. हे विसरून जुने आकडे आजच्या जिल्ह्याशी ताडले तर तुलना फसते.

धान्याचे बलुते नगदी पीक, कालवा आणि तयार माल यांनी मोडले. वतनाला मात्र कायदा लागला. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीसाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक आणले, कारण महाराकडून सरकार रात्रंदिवस राबवून घेई आणि मोबदला तुटपुंजा देई. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. जमिनी ठरलेली रक्कम भरून परत मिळाल्या, पण नवीन शर्तीवर: कलेक्टरच्या परवानगीशिवाय विक्री नाही. त्यामुळे महार वतनाच्या जुन्या गटाचे फेरफार काढले तर ‘इनाम वर्ग ६ ब’ हा महार वतनाचा शेरा अजून सापडतो, आणि खरेदीखत अडते ते तिथेच.