१०१० विन्स की ८८० डब्ल्यूसीबीएस: नक्की बंद झालं ते कुठलं?

न्यूयॉर्कचं ते एएम रेडिओवरचं न्यूज स्टेशन बंद पडलं ना, असं अजून कुणीतरी म्हणतंच आणि निम्म्या लोकांना वाटतं विन्स गेलं. नाही हो, विन्स मस्त चालू आहे! गेलं ते ८८०, म्हणजे डब्ल्यूसीबीएस, ऑगस्ट २०२४ मध्ये, सत्तावन्न वर्षं बातम्या देऊन.

घोळ होणारच म्हणा. दोन्ही एएम, दोन्ही पन्नास हजार वॉटची, दोघांचा जन्म १९२४ चा, आणि १९९५ मध्ये विन्सच्या मालकाने, म्हणजे वेस्टिंगहाउसने, ८८० ची मालक सीबीएस कंपनीच विकत घेतली तेव्हापासून तर दोघं एकाच घरातली.

पण ऐकणाऱ्याला फरक लगेच कळायचा. विन्स १९६५ च्या एप्रिलमध्ये गाणी सोडून पूर्ण बातम्यांवर आलं, आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं, आम्हाला बावीस मिनिटं द्या, आम्ही तुम्हाला जग देतो. म्हणजे कधीही लावा, बावीस मिनिटांत सगळ्या ठळक बातम्या कानावरून जाणार आणि चक्र परत सुरू. मागे टेलिप्रिंटरची ती टकटक वर्षानुवर्षं वाजत राहिली, मला तर बातमीच्या आधी तीच ऐकू यायची आणि वाटायचं काहीतरी घडतंय बाहेर.

८८० थोडं निवांत. बातमी जरा उलगडून सांगणार, बातमीदाराचा आवाज थेट जागेवरून. आणि त्यांची सुरुवातच काय विलक्षण! २८ ऑगस्ट १९६७ ला बातम्या सुरू व्हायच्या होत्या आणि आदल्या दिवशी एक छोटं विमान ब्रॉन्क्सजवळच्या हाय आयलंडवरच्या त्यांच्या टॉवरवर आदळलं, टॉवर कोसळला, मग पहिला दिवस त्यांनी आपल्या एफएमवरून काढला. मला या स्टेशनबद्दल जो जिव्हाळा आहे तो याच गोष्टीमुळे, टॉवर नाही तर नाही, पण बातम्या ठरल्या दिवशी सुरू केल्या.

न्यू जर्सीतून न्यूयॉर्क सिटीत गाडीने जाणाऱ्यांची मात्र खरी खूण ट्रॅफिकची. विन्सवर ट्रॅफिक दर दहा मिनिटांनी, तासाला १, ११, २१ मिनिटं झाली की, आणि ८८० वर ८, १८, २८ ला. मी दोन्ही बटणं शेजारी शेजारी सेट केली होती, ८ ला टनेलवर (सिटीत शिरायचे नदीखालचे बोगदे) किती खोळंबा आहे ते ऐकायचं, नाही कळलं तर तीन मिनिटांनी विन्सवर, आणि तेवढ्यात ठरवायचं लिंकन टनेल की हॉलंड. पुलाखालून गेलं की एएम खरखरणार आणि नेमकं तेव्हाच टनेलचं नाव यायचं.

संध्याकाळी अजून एक फरक, ८८० वर २०१९ पासून मेट्स या बेसबॉल टीमच्या मॅचेस असायच्या, तेव्हा बातम्या बाजूला. विन्सवर बातम्या म्हणजे बातम्याच.

आता ८८० लावलं तर खेळांवरच्या गप्पा लागतात, नावपण बदललंय. विन्स मात्र २०२२ पासून ९२.३ एफएमवरही आहे, तेव्हा नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि तिच्यात एएमच नाही असं झालं (बऱ्याच कंपन्यांनी काढूनच टाकलंय) तर शोधत बसू नका, सरळ ९२.३ लावा.