फर्माला चकवणारे दहा अंक

२ चा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, मग २५६, मग ६५,५३६. या प्रत्येकात १ मिळवा: ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. पाचही मूळ संख्या आहेत. आता ६५,५३६ चा वर्ग करून त्यात १ मिळवला की येते ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे दोनाचा ३२ वा घात अधिक १.

ही संख्याही मूळच असणार, असं फ्रेंच गणिती पिएर द फर्माला वाटत होतं. या रांगेतली प्रत्येक संख्या मूळ असते, हा आपला विश्वास त्याने १६४० मध्ये पत्रांतून कळवला. सिद्धता हाती नाही, हेही सांगितलं. १७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून याबद्दल विचारलं आणि १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर दिलं: ही संख्या म्हणजे ६४१ × ६७,००,४१७.

६४१ कुठून आले? या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केलं. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला बाकी शून्य! फर्मा स्वतः अशाच प्रकारच्या नियमांत मुरलेला होता, म्हणून त्याची ही चूक मला फार चटका लावते.

पण भागाकार न करताही हे दिसतं, आणि ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. ६४१ म्हणजे ६४० + १, आणि ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा. ६४० = ५ × १२८, म्हणजे पाच गुणिले दोनाचा ७ वा घात. म्हणून ६४० चा चौथा घात = ६२५ × दोनाचा २८ वा घात. आता ६४१ ला दोनाच्या २८ व्या घाताने गुणा. ६२५ चा भाग ६४० चा चौथा घात देतो, १६ चा भाग दोनाचा ३२ वा घात. या बेरजेला ६४१ ने भाग जातोच. दुसरीकडे, कुठल्याही संख्येच्या चौथ्या घातातून १ वजा केला की त्या संख्येहून १ ने मोठ्या संख्येने भाग जातो. म्हणून ६४० चा चौथा घात वजा १ यालाही ६४१ ने भाग जातो. पहिल्यातून दुसरं वजा करा. उरतो दोनाचा ३२ वा घात अधिक १.

आणखी एक वाट आहे. आपली संख्या ६५,५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहे, तशीच ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांचीही आहे. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता आली, तर ती एकाच प्रकारे येते. इथे दोन प्रकार निघाले, म्हणजे संख्या फुटणार हे एकही अवयव न शोधता ठरलं.

या रांगेत सहावी मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. ३ ही पहिली पायरी धरली, तर सहाव्या पायरीपासून तेहेतिसाव्या पायरीपर्यंत सगळ्या संख्या संयुक्त निघाल्या. त्यांतली २१ वी आणि २५ वी नक्की फुटतात, पण त्यांचा एकही अवयव अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.