पार्श्वभूमी : प्रत्येक प्रोफाइलला वेगळी प्रॉक्सी देणे इतके अवघड का?

क्रोममध्ये ऑफिसचे आणि घरचे अशी दोन प्रोफाइल केली, की कुकी, पासवर्ड, बुकमार्क सगळे वेगळे होते. प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने साइट उघडून देणारा आणि आपल्या आयपीऐवजी (इंटरनेटवरच्या पत्त्याऐवजी) स्वतःचा दाखवणारा मधला सर्व्हर, मात्र एकच राहते. ती बदलायला गेलात तर क्रोम तुम्हाला विंडोजच्या किंवा मॅकच्या सेटिंगमध्ये नेऊन सोडतो. फायरफॉक्समध्ये प्रत्येक प्रोफाइलची प्रॉक्सी स्वतंत्र ठेवता येते. हा फरक कुठून आला हे समजून घ्यायचे तर नव्वदच्या दशकात जावे लागते.

वेबसाठीच्या प्रॉक्सीची मांडणी १९९४ साली जिनिव्हातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय वेब परिषदेत झाली. सर्न या संशोधन संस्थेतले आरी लुओटोनेन आणि इंटेलचे केव्हिन अल्टिस यांचा तो निबंध होता. फायरवॉलच्या, म्हणजे संस्थेचे जाळे बाहेरच्या इंटरनेटपासून अडवणाऱ्या भिंतीच्या, आत अडकलेल्या संगणकांना वेबपर्यंत पोहोचायला एक सामाईक वाट हवी होती. तीच पाने पुन्हा पुन्हा दुरून आणावी लागू नयेत म्हणून ती साठवून ठेवणे हा दुसरा हेतू. म्हणजे प्रॉक्सी संस्थेची, सगळ्यांसाठी एकच. आपल्याकडच्या कॉलेजच्या लॅबमध्ये स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरचा ३१२८ हा पोर्ट ज्यांनी टाइप केला आहे, त्यांनी ही व्यवस्था जवळून पाहिली आहे. सॉक्स हा प्रॉक्सीशी बोलायचा दुसरा प्रोटोकॉल त्याआधीचा, १९९२ सालचा. डेव्हिड कोब्लास यांनी मांडलेला. त्याचीही गरज फायरवॉलमधूनच निघाली. युजरनेम-पासवर्डची सोय असलेली पाचवी आवृत्ती १९९६ मध्ये प्रमाणित झाली.

प्रोफाइलची गरज अगदी निराळी होती. घरात संगणक एक आणि वापरणारे चौघे, म्हणून १९९७ च्या नेटस्केप कम्युनिकेटरने प्रत्येकाला आपापली मेल, बुकमार्क आणि पसंती ठेवायची सोय दिली. नेटस्केपची प्रॉक्सी सेटिंग ब्राउझरच्याच पसंतींच्या फाइलमध्ये असे, त्यामुळे ती आपोआप प्रोफाइलसोबत गेली. गोपनीयतेचा विचार करून कोणी हे ठरवले नव्हते. हा वारसा मोझिलाकडून फायरफॉक्सकडे आला आणि आजही टिकून आहे. नव्या प्रोफाइलमध्ये ‘सिस्टिमची प्रॉक्सी वापरा’ हाच पर्याय आधीपासून निवडलेला असतो, तो तेवढा बदलावा लागतो.

इंटरनेट एक्स्प्लोररने दुसरी वाट धरली. त्याची प्रॉक्सी विंडोजच्या इंटरनेट ऑप्शन्समध्ये असे आणि इतर प्रोग्रामही तीच वापरत. २००८ साली आलेल्या क्रोमने हीच पद्धत उचलली. मला तो निर्णय तेव्हापुरता योग्य वाटतो : ऑफिसच्या ॲडमिनने एकदा सेटिंग केली की नवा ब्राउझर टाकताच चालू. पण २०११ च्या अखेरीस क्रोममध्ये अनेक प्रोफाइलची सोय आली, तेव्हा या निर्णयाचा फेरविचार व्हायला हवा होता. तो झाला नाही, आणि पुढची सगळी ओढाताण त्यातून आली.

मग लोकांनी आडवाटा शोधल्या. क्रोम सुरू करताना प्रॉक्सी-सर्व्हर हा फ्लॅग, म्हणजे सुरू करायच्या आज्ञेला जोडायचा पर्याय, देता येतो. पण तो चालू असलेल्या संपूर्ण क्रोमला लागतो, एका प्रोफाइलला नाही. त्याच डेटा फोल्डरवर (क्रोम आपली सगळी माहिती ठेवतो त्या फोल्डरवर) आधीच क्रोम उघडा असेल तर नव्या शॉर्टकटमधला फ्लॅग काहीही न सांगता दुर्लक्षिला जातो. खिडकी उघडते आणि प्रॉक्सी लागली असे वाटत राहते. म्हणून प्रत्येक प्रॉक्सीसाठी डेटा फोल्डरच वेगळा द्यावा लागतो. दुसरी वाट एक्स्टेन्शनची. ते प्रोफाइलगणिक बसते, त्यामुळे काम होते. पण क्रोम सॉक्स-५ चे युजरनेम-पासवर्ड पाठवतच नाही, त्यामुळे विकत घेतलेली लॉगिनवाली सॉक्स प्रॉक्सी तिथे अडते.

सर्वांत नेटका तोडगा टॉर ब्राउझरने, म्हणजे ओळख लपवण्यासाठी अनेक संगणकांच्या टॉर जाळ्यातून वेब उघडणाऱ्या ब्राउझरने, काढला. २०१५ च्या ४.५ आवृत्तीपासून तो प्रत्येक साइटसाठी वेगळे सॉक्स युजरनेम पाठवतो आणि त्यावरून टॉर दर साइटला वेगळा मार्ग देतो. फायरवॉलवर ओळख पटवायला केलेली सोय ओळखी एकमेकींपासून तोडायला वापरली गेली. फायरफॉक्सच्या मल्टी-अकाउंट कंटेनरमध्येही पुढे प्रत्येक कंटेनरला प्रॉक्सी देता येऊ लागली.

नुसता आयपी बदलून मात्र भागत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के फक्त आपल्या ठेवणीवरून, म्हणजे फाँट, प्लगइन, स्क्रीनच्या मापावरून, एकमेव ठरले होते. २०१५ मध्ये वेबआरटीसी या ब्राउझरमधल्या ऑडिओ-व्हिडिओ कॉलच्या तंत्रातून खरा आयपी बाहेर पडतो हेही उघड झाले. अँटीडिटेक्ट ब्राउझरांचा धंदा याच फटीत उभा राहिला : प्रत्येक प्रोफाइलला बनावट ठेवण आणि शेजारी प्रॉक्सीचा होस्ट, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड भरायचा रकाना. त्यांचे गिऱ्हाईक अनेक ग्राहकांची खाती सांभाळणाऱ्या एजन्सी आहेत, तसेच खोटी खाती काढणारेही.

त्या रकान्यात भरल्या जाणाऱ्या प्रॉक्सीचा घरगुती आयपी, म्हणजे कोणाच्या तरी घरच्या जोडणीचा पत्ता, कोणाचा, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ‘९११ एस-५’ हे जाळे मोडले. त्यात १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी होते. फुकटचे व्हीपीएन टाकलेल्या लोकांचे संगणक त्यांच्या नकळत प्रॉक्सी म्हणून भाड्याने दिले जात होते आणि त्यांच्या आड इतरांचे गुन्हे चालत होते.