पुंगळीची मान

एनसीसीच्या शिबिरात फायरिंग संपलं की आम्हा मुलांना रांगेत उभं करून काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचायला लावत. जितक्या गोळ्या सुटल्या तितक्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. एक जरी कमी भरली तरी अख्खी रांग पुन्हा गवतात वाकायची. ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीची ती पितळी पुंगळी हाताला कोमट लागे. अंगाने पिवळीधमक, पण तोंडाकडे, जिथे ती आवळत जाऊन बारीक मान होते, तिथे निळसर-तपकिरी झाक. मला वाटे, बाराच्या धगीने करपली असेल. वरणगावच्या काडतुसांच्या फॅक्टरीत उमेद घालवलेल्या शेजारच्या काकांनी ते खोडून काढलं. म्हणाले, "बार उडायच्या आधीपासूनच असते ती. मान तावलेली असते, बेटा."

युरोप-अमेरिकेतले नेमबाज रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. त्या कामात सगळ्यात नाजूक जागा ही मानच. बार उडताच आतल्या वायूच्या दाबाने पितळ फुगतं आणि चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या खोबणीच्या, भिंतीला गच्च चिकटतं, म्हणून वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की पितळ थोडं मागे सरतं, पण पुरतं नाही. मान सैलच राहते. तिच्यात नवी गोळी ठेवली तर ती आत घसरेल. म्हणून पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून मान पुन्हा आवळायची, गोळीच्या जाडीपेक्षा साधारण पाच शतांश मिलिमीटरने अरुंद. मग गोळी तिच्यात पकडून राहते.

ही मान आली कुठून, ते पाहायला बरंच मागे जावं लागतं. सातपुड्यात भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक यांनी इंग्रजांशी झुंज घेतली आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीची लढाई झाली, तेव्हा पितळी पुंगळी रणात आलेलीच नव्हती. भिल्लांकडे तिरकमठे होते, आणि ज्या बंदुका होत्या त्या तोंडाकडून ठासायच्या. इंग्रजांच्या एन्फिल्डचं काडतूसही कागदाचंच, दाताने फाडून दारू नळीत ओतायची. याच काडतुसाच्या चरबीवरून आदल्या वर्षी देशभर वणवा पेटला होता.

पुढच्या तेरा वर्षांत सगळं पालटलं. मागून भरायची स्नायडर बंदूक आली आणि १८६६ च्या सुमारास इंग्लंडमधल्या वूलिचच्या दारूगोळा कारखान्यातल्या एडवर्ड बॉक्सर यांनी तिच्यासाठी पितळी पत्र्याची गुंडाळी करून पुंगळी घडवली. ती सरळ नळकांडी होती. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री बंदूक आली. तिची गोळी बारीक, ०.४५ इंचाची, पण दारू भरपूर हवी. तेवढी दारू सरळ पुंगळीत भरायची तर पुंगळी इतकी लांब व्हायची की बंदुकीच्या यंत्रात मावेना. मग पुंगळी आखूड आणि पोटाने रुंद केली आणि तोंड गोळीपुरतं आवळलं. बाटलीचा आकार आला, आणि बाटलीबरोबर मानही.

पण पत्र्याची गुंडाळी ती गुंडाळीच. सुदानच्या मोहिमेत १८८४-८५ साली वाळू आणि उष्णता यांत तापलेल्या बंदुकांमध्ये या पुंगळ्या अडकल्या, फाटल्या. त्यानंतर पत्रा गुंडाळणं मागे पडलं आणि एकसंध पितळाची ओढीव पुंगळी रूढ झाली. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. या पितळाची चकती घ्यायची, तिची वाटी करायची, ती वाटी दाब्यात पुन्हा पुन्हा ओढत लांब करायची. दर ओढीला पितळ कडक होतं, म्हणून दोन ओढींच्या मधे ते तावून मऊ करावं लागतं. शेवटी तोंड आवळून मान काढायची आणि फक्त मान पुन्हा तावायची.

इथे मला आमच्याकडची तांबटआळी आठवते. हंड्याला ठोके बसत गेले की धातू ताठर होतो, आवाज बदलतो, आणि तांबट लगेच हात थांबवतो. भट्टीत लालसर होईपर्यंत ताव द्यायचा आणि सरळ पाण्यात बुडवायचं. लोहार पोलाद तापवून पाण्यात घालतो ते कडक करायला. तांब्या-पितळेचं मात्र उलटं, ताव दिला की ते मऊच होतं, पाण्याने फक्त लवकर निवतं. परदेशातला हौशी नेमबाजही जुन्या पद्धतीने हेच करतो. पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यात पुंगळ्या उभ्या ठेवायच्या आणि पाण्याबाहेर राहिलेल्या मानेवर ज्योत धरायची. पाण्यामुळे बूड थंड राहतं. बूड मऊ पडलं तर बाराचा दाब झेलणारं काही उरत नाही, आणि ते जिवावरचं आहे. ताव न देता मान वारंवार फुगत-आवळत राहिली तर ती ठिसूळ होऊन उभी चिरते.

या चिरांनी आपल्याच देशात एक मोठं कोडं घातलं होतं. ब्रिटिश फौजेचा दारूगोळा पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवला की न वापरलेल्या काडतुसांच्याही माना आपोआप तडकत. बरेच दिवस कारण सापडेना. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा, दोन्ही मिळून त्या पितळावर चढतात ज्याच्या पोटात घडणीचा ताण उरलेला असतो. ताण नसेल तर अमोनिया एवढं नुकसान करत नाही. उपाय एकच, मानेला नीट ताव. काकांनी सांगितलेली निळी झाक म्हणजे त्या तावाची खूण. लष्करी पुंगळीवर ती पुसून काढत नाहीत, तपासनिसाला दुरूनही कळावी म्हणून. बाजारातल्या काडतुसांची ती घासून चमकवतात, म्हणून तिथे दिसत नाही.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. आपल्या खानदेशात हे काम आलं ते स्वातंत्र्यानंतर. भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी १९४९ मध्ये निघाली, वरणगावची १९६४ मध्ये, चीनच्या युद्धानंतर दोनेक वर्षांनी. भुसावळात पेट्या-डबे, वरणगावात लहान शस्त्रांची काडतुसं, ७.६२ आणि पुढे इन्सास रायफलीची ५.५६. २०२१ पासून वरणगाव म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आणि भुसावळ यंत्र इंडियाकडे आहे. कापूस आणि केळीचा जिल्हा म्हणून आमची ओळख सांगतात, पण पितळाला मान काढणारे हातही इथलेच आहेत, आणि त्यांची आठवण कोणी काढत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

घरी भरण्याची रीत मात्र अमेरिकेत मूळ धरून बसली. त्याचं एक कारण अगदी छोटं आहे. पुंगळीच्या बुडाशी दारू पेटवणारी छोटी टोपी असते. इंग्रज बॉक्सरची टोपी अमेरिकेने उचलली, आणि अमेरिकन हायरम बर्डनची युरोपने. बॉक्सरच्या पुंगळीत बुडाला मधोमध एकच भोक, वरून सुई घातली की जळकी टोपी निघून येते. बर्डनच्या पुंगळीत दोन बारीक भोकं आडबाजूला, तिथे ही युक्ती चालत नाही. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी आयडियल कंपनी काढून हातातली भरणीची हत्यारं विकायला सुरुवात केली. १९५८ मध्ये रिचर्ड ली यांनी स्वस्त संच काढला, हातोडीने ठोकून वापरायचा. त्यांचा रायफलचा संच पुंगळीची फक्त मान आवळतो, अंगाला हात लावत नाही. त्याच बंदुकीत उडालेली पुंगळी तिच्या चेंबरच्या मापाची झालेली असते, तिला पुन्हा पुरती दाबायची गरज लगेच पडत नाही. काही खेपांनंतर अंगही फुगून घट्ट बसू लागतं, तेव्हा पुरती आवळणी करावीच लागते.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. बंदुकीचा परवाना असला म्हणून भरणीचा मिळत नाही, तो वेगळा. त्यामुळे खानदेशात ताव देणारी ज्योत वरणगावच्या भिंतीआड जळते, आणि रेंजवरच्या पुंगळ्या मोजून, पोत्यात भरून परत जातात.